लेकींचा खुबा आणि कोल्हापूरची सोनोग्राफी

१० मार्च २०११ रोजी कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून एक आदेश निघाला. जिल्ह्यातल्या प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडायचे. तपासणी चालू असताना पडद्यावर जे दिसेल ते या उपकरणात साठत राहणार आणि शंका आली तर अधिकारी ते पाहू शकणार. गर्भवतीच्या तपासणीचा ‘एफ’ फॉर्म चोवीस तासांत ऑनलाइन भरण्याचे परिपत्रक त्याआधीच, जानेवारीत निघाले होते. तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख मराठी वाचकांना कथा-कादंबरीकार म्हणून माहीत आहेत. पुढे २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

या आदेशामागे एक आकडा होता. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८३९ मुली निघाल्या. राज्याची सरासरी होती ९१३. ऊस, दूध आणि कारखानदारीने सधन झालेला, १९१७ सालीच सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा पाहिलेला हा मुलूख, आणि लेकींच्या बाबतीत राज्याच्या तळाशी. रेडिओलॉजिस्टांची संघटना या आदेशांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. उपकरण यंत्रांना जोडलेलेच राहिले.

सोनोग्राफीची ही गोष्ट कोल्हापूरकरांना पाठ आहे. याच यंत्राची दुसरी एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. तिच्यातही नायिका मुलगीच आहे, पण जन्मलेली. तिच्या खुब्याचा सांधा जागेवर आहे की निसटलेला, हे पहिल्या काही महिन्यांत याच यंत्रावर सगळ्यांत चांगले कळते, आणि खुब्याचे हे दुखणे मुलींमध्ये मुलांच्या निदान चौपट आढळते. जन्माआधी जे यंत्र मुलीच्या मुळावर उठले, ते जन्मानंतर तिला आयुष्यभराच्या लंगडण्यातून वाचवू शकते.

खुब्याचा सांधा उखळीचा. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातल्या वाटीत बसते. काही बाळांमध्ये ही वाटी उथळ राहते, काहींमध्ये डोके वाटीच्या काठावर येते, तर काहींमध्ये ते पूर्ण बाहेर सरकते. वैद्यकात या साऱ्याला मिळून ‘डेव्हलपमेंटल डिस्प्लेशिया ऑफ द हिप’, थोडक्यात डीडीएच म्हणतात. बाळाला दुखत नाही, ते रडत नाही, पाय हलवत राहते. घरच्यांच्या लक्षात येते ते वर्ष-सव्वा वर्षाने, पोर चालायला लागले आणि एका बाजूला झुकून पाय टाकू लागले की. तोवर वाटीचा आकार बिघडलेला असतो आणि साधा उपाय करण्याचे दिवस निघून गेलेले असतात.

हे दुखणे जुने आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या परंपरेतल्या लिखाणात जन्मतः निखळलेल्या खुब्याचा उल्लेख आहे. उपाय मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जवळजवळ नव्हता. तो काढला व्हिएन्नाच्या अडोल्फ लोरेन्झ यांनी. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या कार्बोलिक ॲसिडने त्यांच्या हातांची कातडी इतकी बिघडे की त्यांना शस्त्रक्रिया सोडावी लागली. मग त्यांनी सुरीविना सांधा बसवण्याचे तंत्र घडवले: मुलाला भूल द्यायची, मांडी ताकदीने ओढून-फिरवून डोके वाटीत आणायचे आणि दोन्ही मांड्या पूर्ण फाकवून कित्येक महिने प्लास्टरमध्ये ठेवायचे. १९०२ मध्ये शिकागोतल्या मांस-उद्योगातले धनाढ्य ऑगडेन आर्मर यांनी आपल्या लोलिता या लहान मुलीसाठी त्यांना अमेरिकेत बोलावले. वर्तमानपत्रांनी हा प्रवास गाजवला, आणि लोरेन्झ यांनी तिथल्या गरिबांच्या मुलांवरही फुकट उपचार केले.

त्याच सुमारास कोल्हापुरात, आज सीपीआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेव्हाच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात डॉ. कृष्णाबाई केळवकर बायका-मुलांवर उपचार करीत होत्या. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, म्हणजे अगदी ताजा. पण क्ष-किरण असोत वा नसोत, तान्ह्या बाळाचा खुबा व्हिएन्नातही कुणाला दिसत नव्हता. त्या वयात मांडीच्या हाडाचे डोके सगळे कूर्चेचे असते आणि कूर्चा एक्स-रेवर उमटत नाही. डोक्यात हाडाचा पहिला ठिपका दिसायला साधारण चार ते सहा महिने लागतात. उपचार जितका लवकर तितका सोपा, पण लवकर पाहण्याची सोयच नाही, अशी ही कोंडी होती. लोरेन्झ यांच्या पद्धतीचे दुसरे संकटही काही वर्षांनी उघड झाले. मांड्या जबरदस्तीने फाकवून ठेवल्याने कित्येक मुलांच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटे. सांधा जागेवर राही आणि डोकेच मरे.

डोळ्यांना दिसत नव्हते ते हातांना कळू लागले. फ्रान्समध्ये ल दामानी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवजात बाळाच्या खुब्यातली खूण वर्णिली, पण ती बाजूला पडली. पुढे इटलीतल्या फेरारा गावचे बालरोगतज्ज्ञ मारिनो ओर्तोलानी यांच्याकडे एक आई तक्रार घेऊन आली: बाळाला धुताना त्याच्या मांडीत ‘खट्’ असे काहीतरी होते. ओर्तोलानींनी ती तक्रार हसण्यावारी नेली नाही. निसटलेले डोके वाटीत परत शिरताना हाताला लागणारा हा धक्का त्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. आजही बाळाचा खुबा तपासणारा डॉक्टर मांड्या अलगद फाकवून तोच धक्का शोधतो. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या सॅल्फर्डच्या बार्लो यांनी याच्या उलट चाचणी दिली. जागेवर बसलेला सांधा हलक्या दाबाने बाहेर ढकलला जातो का, हे तिने कळते.

बार्लोंनी आणखी एक गोष्ट मोजली. नवजात बाळांमध्ये साठांत एकाचा खुबा सैल निघाला. पण त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यातच आपोआप घट्ट झाले आणि दोन महिन्यांपर्यंत ८८ टक्के. म्हणजे प्रत्येक सैल खुबा बांधून ठेवला तर दहातल्या बहुतेक बाळांना उगाच त्रास, आणि सगळ्यांना सोडून दिले तर उरलेल्यांचा घात. कोणत्या बाळाला उपचार हवा आणि कोणाला नको, हे बोटांनी ठरवता येत नव्हते.

दरम्यान उपचाराची रीतही पालटली होती. चेकोस्लोव्हाकियातले डॉ. आर्नोल्ड पाव्लिक यांना प्लास्टरमध्ये जखडलेली बाळे आणि त्यांच्या हाडांची होणारी नासाडी पाहवत नव्हती. त्यांनी छाती, खांदे आणि पायांभोवती बांधायचा पट्ट्यांचा एक साज तयार केला. त्याने बाळाचे गुडघे पोटाकडे वाकलेले आणि मांड्या बाजूला पडलेल्या राहतात. बाकी बाळ पाय झाडायला मोकळे. त्या हालचालीनेच डोके हळूहळू वाटीत जाते आणि वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. १९४६ मध्ये प्राग येथे त्यांनी ही पद्धत मांडली आणि १९५० च्या दशकातल्या लेखांनी ती जगभर गेली. आज सहा महिन्यांखालच्या बाळासाठी ‘पाव्लिक हार्नेस’ हाच पहिला उपाय मानतात.

पण पट्टे बांधल्यावर आत काय चालले आहे, हे पाव्लिक यांनाही दिसत नव्हते. ते दाखवणारे यंत्र कारखान्यातून आले. ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड १९५५ मध्ये रेन्फ्र्यूच्या बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. धातूत दडलेली भेग ध्वनिलहरींनी शोधणारे यंत्र तिथे होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी त्यांनी सोबत नेल्या होत्या. यंत्राने गाठीगाठींतला फरक दाखवला. तीन वर्षांनी, १९५८ मध्ये, ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख आला आणि सोनोग्राफी वैद्यकात शिरली. कोल्हापूरला हे नाते सहज कळावे. ओतकामातली आतली पोकळी वा तडा शोधण्याची अल्ट्रासोनिक चाचणी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कोणत्याही फाउंड्रीवाल्याला परकी नाही.

ध्वनिलहरी हाडावर आपटून परततात, कूर्चेतून मात्र पार जातात. एक्स-रेला जे आडवे येत होते तेच इथे सोयीचे ठरले. हे ओळखले ऑस्ट्रियाच्या डोंगराळ स्टायरिया प्रांतातल्या स्टॉल्झाल्पे रुग्णालयाचे अस्थिरोगतज्ज्ञ राइनहार्ड ग्राफ यांनी. १९८० मध्ये त्यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. चित्र दिसते एवढ्यावर ते थांबले नाहीत, ते मोजण्याची रीत त्यांनी घालून दिली. बाळाला कुशीवर ठेवायचे, प्रोब खुब्याच्या बाहेरच्या बाजूला एका ठरलेल्या पातळीत धरायचा, ठरलेल्या खुणा चित्रात आल्या तरच ते चित्र ग्राह्य. मग वाटीच्या हाडाळ छपराचा कोन मोजायचा. हा अल्फा कोन ६० अंश किंवा अधिक असेल तर सांधा पक्व. ५० ते ५९ मध्ये बाळाचे वय पाहायचे. पहिल्या तीन महिन्यांत तो नुसता कच्चेपणा असू शकतो. ४३ च्या खाली गेला तर डोके वाटीबाहेर सरकलेले. पुण्याचा डॉक्टर आणि ऑस्ट्रियातल्या ग्राट्झचा डॉक्टर एकाच सांध्याबद्दल एकाच भाषेत बोलू शकतील अशी ही पहिली सोय होती.

अमेरिकेत डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या बाल-अस्थिरुग्णालयात थिओडोर हार्क आणि सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास दुसरी वाट धरली. पडद्यावर चित्र चालू असतानाच खुब्यावर हलका दाब द्यायचा आणि डोके सरकते का ते पाहायचे, म्हणजे बार्लोंची चाचणी आता डोळ्यांदेखत. याच गटाने पुढचे पाऊल टाकले. पट्टे न सोडता, बाळ साजातच असताना सोनोग्राफी करता येते हे त्यांनी १९८८ मध्ये दाखवले. जपानच्या शिगेओ सुझुकी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोब समोरून, जांघेकडून ठेवून दोन्ही खुबे एकाच वेळी पाहण्याची पद्धत दिली; कोणता खुबा पट्ट्यांनी बसेल आणि कोणता बसणार नाही, याचा अंदाज तिच्यावरून बांधता येऊ लागला.

तपासणीपेक्षा मोठा फरक पडला तो उपचाराच्या या पाळतीमुळे. एरवी पट्टे बांधून आईला घरी पाठवले की डॉक्टर महिना-दोन महिने अंधारात. आता दर आठवड्या-दोन आठवड्यांनी डोके आत गेले का, कोन वाढतोय का, हे कळू लागले. मांड्या फार फाकल्या तर रक्तपुरवठ्याला धोका. गुडघे पोटाकडे फार ओढले गेले तर मांडीची नस दबून बाळ पाय ताठ करायचे थांबते. बाळ वाढते तसे पट्टे सैल करावे लागतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, तीन-चार आठवड्यांत डोके वाटीत गेले नाही तर पट्टे सोडायचे. बाहेर राहिलेले डोके पट्ट्यांच्या जोराने वाटीच्या मागच्या काठावर घासत राहिले तर काठ झिजतो आणि पुढचा उपचार अवघड होतो. १९९० च्या दशकात अमेरिकी डॉक्टरांनी या हानीला ‘पाव्लिक हार्नेस डिसीज’ असेच नाव दिले. कधी थांबायचे हे सोनोग्राफीने शिकवले. कोन साठीला पोचला की पट्टे सुटतात. बहुतेक बाळांचे काम काही आठवड्यांत भागते. सहा महिन्यांनंतर हाडाचा ठिपका मोठा होऊन लहरी अडवू लागतो, तेव्हा पाहणी एक्स-रेकडे जाते.

ऑस्ट्रियाने १९९२ मध्ये आणि जर्मनीने १९९६ मध्ये प्रत्येक बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी नेहमीच्या तपासण्यांत घातली. ब्रिटनने फक्त जोखमीच्या बाळांची करायची ठरवली. सगळ्यांची करावी की निवडक, हा वाद अजून मिटलेला नाही.

भारतात हेच यंत्र आले ते प्रसूतिगृहाच्या दारातून. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भलिंग चाचणीविरुद्ध स्त्री-संघटना आणि डॉक्टर एकत्र आले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने तिच्यावर बंदीचा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. तो कागदावरच राहतो म्हणून २००० साली ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था व डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. ग्राफ यांचे कोन युरोपात रूढ होत होते ती वर्षे आपल्याकडे यंत्रांची नोंदणी, सील आणि फॉर्म यांच्यात गेली. ती वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ८३९ हा आकडा समोर असलेल्या जिल्ह्याला दुसरे काही सुचणे शक्य नव्हते. २०११ मध्ये तो ८६३ झाला. सायलेंट ऑब्झर्व्हरच्या समर्थकांना त्याचे श्रेय उपकरणाला द्यावेसे वाटेल. पण त्या जनगणनेत मोजलेली बहुतेक मुले उपकरण येण्याआधीच जन्मली होती, हेही इतिहासात नोंदवायला हवे.

कायद्याची एक बाजू मात्र खुब्याच्या वाट्याला आली. लिंग ओळखू शकणारे कोणतेही यंत्र नोंदणीशिवाय विकत घेता येत नाही, आणि हातात मावणारे यंत्र कुठेही नेण्यावर बंधने आहेत. त्यामुळे लहान मुलांचा अस्थिरोगतज्ज्ञ आपल्या ओपीडीत यंत्र ठेवून दर आठवड्याला पट्ट्यातले बाळ पाहील, ही युरोपातली सोय इथे सहज होत नाही. बाळाला नोंदणीकृत केंद्रातल्या रेडिओलॉजिस्टकडे न्यावे लागते. ‘एफ’ फॉर्म गर्भवतीसाठी असतो, बाळाच्या खुब्यासाठी नाही. मग प्रश्न उरतो तो ग्राफ यांच्या रीतीने कोन मोजणारा हात जवळपास आहे का, आणि राधानगरी-शाहूवाडीच्या आईला दर पंधरा दिवसांनी शहरात येणे परवडते का, एवढाच.

आपल्याकडे हे दुखणे कमी, असा समज डॉक्टरांतही बराच काळ होता. मूल कडेवर घेण्याची आपली सवय, मांड्या फाकवून कमरेला बिलगलेले पोर, हे खुब्याला चांगलेच. पण ते मान धरल्यानंतरचे. त्याआधीचे महिने बाळ दुपट्यात पाय सरळ करून घट्ट गुंडाळलेले असते आणि ते खुब्याला घातक. जपानमध्ये १९७० च्या दशकात बाळाचे पाय सरळ ताणणारी लंगोट-दुपट्याची रीत बदलण्याची मोहीम निघाली आणि हे दुखणे झपाट्याने घटले. जोखमीची दुसरी खूण म्हणजे पायाळू बाळ. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची हलकी लाथ मारून घेतात. त्या पायाळूचाच खुबा जन्मताना तपासला होता का, हे कुणी विचारत नाही. तिसरी खूण घरात आधी कुणाचा खुबा निखळलेला असणे. आणि बाळ मुलगी असेल तर जोखीम आणखी वाढते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे उद्घाटन झाले. त्यात जन्मजात दोषांची नऊ नावे आहेत आणि खुब्याचा डिस्प्लेशिया त्यांतले एक. २०२२ मध्ये बाल-अस्थिरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, नवजातशिशुतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून भारतासाठी शिफारशी दिल्या. जन्मताना आणि मग प्रत्येक लसीकरणाच्या वेळी, बाळ चालू लागेपर्यंत, खुबा हाताने तपासावा; शंका असेल किंवा जोखीम असेल तर सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी व्हावी. या सहा आठवड्यांसाठी नवी व्यवस्था उभारावी लागत नाही. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस त्याच वयात असतो आणि आशाताईंची नवजात बाळासाठीची शेवटची घरभेट बेचाळिसाव्या दिवशी असते.

म्हणून कोल्हापूरच्या आईवडिलांना आणि आजी-आजोबांना सांगणे एवढेच. दुपटे छातीपाशी बांधा, मांड्यांपाशी सैल सोडा. बाळाच्या दोन मांड्या सारख्या फाकत नसतील, एक पाय आखूड वाटत असेल, बाळ पायाळू असेल किंवा घरात कुणाला हे झाले असेल, तर दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना खुबा तपासायला सांगा आणि गरज पडली तर सोनोग्राफीची चिठ्ठी मागून घ्या. पट्टे लागले तर फेऱ्या चुकवू नका. लेक वाचवायची हे कोल्हापूरने ठरवले आहे. तिला सरळ चालतीही करायचे असेल तर सोनोग्राफी यंत्राच्या या दुसऱ्या कामाला सरकारी दवाखान्यांत नेमाची जागा मिळायला हवी.